गुरुवचनाचा भांडारी : स्थविर आनंद

आषाढी एकादशी उलटली की चार दिवसांनी गुरुपौर्णिमा येते. परतीच्या वाटेला लागलेल्या वारकऱ्याचे मन अजून पंढरीतच घुटमळत असते आणि घरी राहिलेल्यांच्या मनात आपापल्या गुरूची, गुरुपरंपरेची आठवण दाटून येते. आमच्या पारनेर तालुक्याला या दिवसाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. याच तालुक्यातील पिंपळनेर येथे संत निळोबारायांची समाधी आहे. तुकोबारायांच्या निर्याणानंतर निळोबांना त्यांचे दर्शन आणि अनुग्रह लाभला, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. गुरू देहाने समोर नसतानाही त्याचा वारसा कसा चालतो, याचे हे अगदी आमच्या दारचे उदाहरण होय.

परंतु या श्रद्धेच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. गुरू निघून गेल्यावर त्याचे वचन कोणी राखायचे? त्यात कोणी आपल्या पदरचे काही मिसळले नाही, हे कोणी ठरवायचे? आणि ज्याच्यापाशी ते वचन सर्वांत अधिक साठले आहे, तोच जर सभेच्या नजरेत अपुरा ठरला, तर? हा प्रश्न मगध देशात, राजगृहाच्या डोंगरावर, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एकदा प्रत्यक्ष उभा राहिला होता. त्याचे उत्तर ज्याच्या कंठातून निघाले, त्या स्थविर आनंदाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आजच्या तिथीशी या चरित्राचे नाते आहे. आषाढी पौर्णिमेला भगवान बुद्धांनी वाराणसीजवळ ऋषिपत्तनात, म्हणजे आजच्या सारनाथला, आपला पहिला उपदेश केला, असे बौद्ध परंपरा मानते. दुसऱ्याच दिवसापासून भिक्षूंचा वर्षावास सुरू होतो. आपल्याकडील संन्यासी चातुर्मासात एका जागी राहतात, तोच हा नियम. आमच्या घरांतील पूजेच्या संकल्पात बौद्धावताराचा उच्चार आजही होतो. बुद्धांच्या अनुयायांना ही अवतारकल्पना मान्य नाही, आणि तो वाद उकरून काढण्याचे हे स्थळही नव्हे. मात्र ज्यांचे नाव आपण संकल्पात घेतो, त्यांचे शब्द कोणाच्या मुखातून पुढच्या पिढ्यांपर्यंत आले, एवढे तरी आपणांस ठाऊक असावे.

नापिताला पहिला मान

आनंद हा शाक्य कुळातील राजपुत्र. नात्याने तो बुद्धांचा चुलतभाऊ. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध आपल्या कुळात परत आले आणि पुढे मल्लांच्या अनुपिय नावाच्या गावी राहिले, तेव्हा शाक्यांचे काही तरुण घर सोडून त्यांच्या मागे निघाले. अनुरुद्ध, भद्दिय, भृगू, किंबिल, देवदत्त आणि आनंद अशी त्यांची नावे सांगतात. त्यांच्याबरोबर त्यांचा नापित उपाली होता. सीमेपाशी येताच राजपुत्रांनी अंगावरचे अलंकार उतरवून त्याच्या हवाली केले आणि त्याला परत जाण्यास सांगितले. उपालीने विचार केला, की हे दागिने घेऊन आपण एकटेच परतलो तर शाक्य आपल्याला जिवंत ठेवणार नाहीत. शिवाय राजपुत्र जर घर सोडू शकतात, तर आपण का नाही? त्याने ते गाठोडे एका झाडाला टांगले आणि तो त्यांच्या मागोमाग गेला.

बुद्धांपुढे उभे राहिल्यावर त्या राजपुत्रांनी एक विलक्षण मागणी केली. शाक्यांना आपल्या कुळाचा फार अभिमान आहे, तेव्हा या उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे तो आम्हांला ज्येष्ठ होईल आणि आम्हांला त्याच्यापुढे हात जोडावे लागतील, अशी ती मागणी होती. त्याप्रमाणे झाले. कालपर्यंत जो त्यांची श्मश्रू करीत होता, त्याला राजपुत्रांनी वंदन केले. आनंद आणि उपाली ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढे राजगृहाच्या सभेत याच दोघांच्या स्मरणावर सगळी भिस्त राहणार होती.

सेवकाच्या आठ अटी

पहिली वीस वर्षे बुद्धांजवळ कोणी कायमचा सेवक नव्हता. आज एक, उद्या दुसरा, असे भिक्षू सेवेला राहत. कोणी वाटेतच आपल्या मनाने निराळा रस्ता धरी, कोणी एकांताच्या ओढीने निघून जाई. पुढे बुद्धांनी पंचावन्नी गाठली आणि आता कोणीतरी नेहमीचा सोबती हवा, असे त्यांनी संघाला सांगितले. मोठमोठे शिष्य पुढे सरसावले. आनंद मात्र गप्प बसून राहिला. तू का मागत नाहीस, असे कोणी विचारले, तेव्हा गुरूंना मी हवा असेन तर ते स्वतःच सांगतील, असे त्याचे उत्तर होते. गुरूंनी सांगितले, आणि आनंद उठला. परंतु सेवा पत्करण्यापूर्वी त्याने आठ अटी घातल्या.

त्यांपैकी चार नकाराच्या होत्या. बुद्धांना मिळालेले उंची वस्त्र त्याला देऊ नये, त्यांना मिळालेली उत्तम भिक्षा देऊ नये, त्यांच्या कुटीत त्याला जागा देऊ नये आणि त्यांना आलेल्या भोजनाच्या निमंत्रणाला त्याला बरोबर नेऊ नये. सेवेच्या आडून हा स्वार्थ साधतो, असे कोणाला म्हणता येऊ नये, हा यामागील हेतू. उरलेल्या चार मागण्यांच्या होत्या. त्याने स्वीकारलेले निमंत्रण बुद्धांनी मान्य करावे. दूरवरून आलेल्या माणसाला त्याने तत्काळ आत आणले तर भेट द्यावी. मनात शंका येईल त्या क्षणी विचारण्याची मुभा असावी. आणि शेवटची मागणी अशी, की आपल्या पाठीमागे जो उपदेश झाला असेल तो परत आल्यावर आपल्याला पुन्हा सांगावा.

ही आठवी अट इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरली. अमुक उपदेश कोठे झाला, असे उद्या कोणी विचारले आणि सावलीसारखा मागे फिरणाऱ्या आनंदाला तो ठाऊक नसला, तर लोक काय म्हणतील, असे त्याने कारण दिले होते. त्या दिवसापासून सलग पंचवीस वर्षे आनंदाने पाणी भरले, पाय चेपले, कुटी झाडली, रात्री हाती दिवा घेऊन कुटीभोवती फेऱ्या घातल्या, आणि जे कानी पडले ते जसेच्या तसे मनात साठविले. त्याच्यापाशी ८४ हजार धर्मवचने होती, असे परंपरा सांगते. आकडा श्रद्धेचा असेल. पण त्याला मिळालेली धर्मभांडागारिक, म्हणजे धर्माच्या कोठाराचा रक्षक, ही पदवी मात्र यथार्थ होती.

पाणी आणि आसू

आनंदाचा स्वभाव मृदू होता. श्रावस्तीला एकदा तहान लागली म्हणून त्याने विहिरीवरील एका मुलीकडे पाणी मागितले. ती मातंग कुळातील होती. आपल्या हातचे पाणी भिक्षूला कसे चालेल, या विचाराने तिने आपली जात सांगितली. आनंद तिला म्हणाला, की मी जात विचारलेली नाही, पाणी मागितले आहे. दिव्यावदान या संस्कृत ग्रंथातील ही कथा रवींद्रनाथ ठाकुरांनी १९३३ साली आपल्या चंडालिका या नाटकात घेतली. ज्या महाराष्ट्रात पैठणच्या नाथांनी तापल्या वाळूत रडणारे अंत्यजाचे लेकरू कडेवर घेतल्याची कथा घरोघर सांगितली जाते, तेथे या विहिरीकाठच्या प्रसंगाची थोरवी पटवून द्यावी लागणार नाही.

दुसरा प्रसंग वैशालीचा. सिद्धार्थाची आई मायादेवी सातव्या दिवशी वारली, तेव्हा ज्या मावशीने त्याला आपले दूध पाजून वाढविले, त्या महाप्रजापती गौतमीने भिक्षुणी होण्याची अनुज्ञा मागितली. बुद्धांनी तीन वेळा नकार दिला. तेव्हा तिने केस कापले, काषाय वस्त्र नेसले आणि अनेक शाक्य स्त्रियांसह कपिलवस्तूहून वैशालीपर्यंतची वाट पायी तुडविली. सुजलेल्या पायांनी, धुळीने माखलेल्या अंगाने ती दाराबाहेर रडत उभी होती. आनंदाने तिला पाहिले. त्याने आत जाऊन तीन वेळा विनंती केली. तीनही वेळा नकार मिळाला. मग त्याने प्रश्न फिरविला. स्त्रिया घर सोडून या मार्गाने चालल्या, तर परमपदाला पोहोचू शकतील की नाही? पोहोचू शकतील, असे बुद्ध म्हणाले. तसे असेल तर ज्या माउलीने आपणांस वाढविले तिला हा मार्ग बंद का, असे आनंदाने विचारले. अखेर आठ कडक नियम घालून अनुज्ञा मिळाली. भिक्षुणीसंघ उभा राहिला तो आनंदाच्या या आर्जवामुळे.

आणि तिसरा प्रसंग कुशिनाऱ्याचा. बुद्धांचे वय ८० झाले होते. दोन शालवृक्षांच्या मधोमध त्यांनी अखेरची शय्या घातली. आनंदाला ते पाहवेना. तो विहारात गेला आणि दाराच्या चौकटीला टेकून रडू लागला. मी अजून शिकतच आहे, आणि ज्यांची माझ्यावर दया ते तर निघाले, हे त्याचे दुःख होते. बुद्धांनी त्याला बोलावून घेतले. जे जन्मले ते जाणारच, हे त्यांनी त्याला पुन्हा समजाविले आणि मग सर्व भिक्षूंसमक्ष त्याच्या सेवेची, त्याच्या गोड वाणीची प्रशंसा केली. मरणशय्येवर गुरूने शिष्याचे सांत्वन करावे, असा हा प्रसंग.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. संघाची इच्छा असेल तर बारीकसारीक नियम पुढे रद्द करावेत, असे बुद्धांनी आनंदाला सांगून ठेवले. बारीकसारीक म्हणजे नेमके कोणते, हे शोकाकुल आनंदाला विचारावयाचे सुचले नाही.

राजगृहाची सभा

बुद्धांचे परिनिर्वाण झाले तेव्हा महाकाश्यप हा कठोर तपस्वी शिष्य पाव्याहून कुशिनाऱ्याच्या वाटेवर होता. वाटेतच त्याला ही वार्ता समजली. बरोबरचे भिक्षू शोक करू लागले. पण म्हातारपणी दीक्षा घेतलेला सुभद्र नावाचा एक भिक्षू म्हणाला, की बरे झाले; हे करा, ते करू नका, असे सांगणारे आता कोणी उरले नाही, आता मनाला येईल तसे वागू. महाकाश्यपाच्या काळजात हे शब्द रुतले. गुरूची चिताही थंड झाली नाही तोच ही भाषा, तर शंभर वर्षांनी काय होईल? धर्म आणि विनय, म्हणजे उपदेश आणि आचाराचे नियम, सर्वांनी मिळून एकदा म्हणून निश्चित केले पाहिजेत, असे त्याने ठरविले.

परंपरेनुसार हे परिनिर्वाण इ. स. पूर्व ५४४ किंवा ५४३ मधील. आधुनिक अभ्यासक ते त्यानंतरचे, बहुधा इ. स. पूर्व पाचव्या शतकातील मानतात. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात राजगृह येथे सभा भरली. पहिला महिना पडक्या विहारांच्या डागडुजीत गेला. मग वैभार पर्वतावरील सप्तपर्णी गुहेपाशी राजा अजातशत्रूने उभारलेल्या मंडपात भिक्षू जमले. या सभेला संगीती म्हणतात. संगीती म्हणजे सर्वांनी मिळून म्हणणे. लेखणी नाही, पोथी नाही. एकाने म्हणावयाचे, बाकीच्यांनी ऐकून तेच एका सुरात म्हणावयाचे. आमच्या गावोगावच्या सप्ताहात ज्यांनी पारायण ऐकले आहे, त्यांना या शब्दातील भाव तत्काळ कळेल. शंभर कंठ एकत्र म्हणत असताना एकाने शब्द बदलला, तर तो लपत नाही.

सभेसाठी पाचशे अर्हत, म्हणजे मुक्त झालेले भिक्षू, निवडावयाचे होते. महाकाश्यपाने ४९९ निवडले आणि एक जागा मोकळी ठेवली. ज्याने सर्वांत अधिक ऐकले होते तो आनंद अजून अर्हत झालेला नव्हता. त्याच्यावाचून सभा निष्फळ, आणि त्याला घेतले तर नियमाला बाध! इतर भिक्षूंनी विनविले, की याला कोणाविषयी पक्षपात नाही आणि भगवंतांपाशी याने फार शिकून घेतले आहे, तेव्हा याला घ्यावे. तो निवडला गेला. पण आपण अपुरे आहोत, ही बोच आनंदाच्या मनात राहिली. सभेच्या आदल्या रात्री तो येरझारा घालीत ध्यान करीत राहिला. रात्र सरत आली तरी काही साधेना. थकून तो शय्येवर कलंडला. पाय जमिनीवरून सुटले होते, मस्तक अजून उशीला टेकले नव्हते, एवढ्या क्षणात त्याच्या मनाची अखेरची गाठ सुटली. पंचवीस वर्षे दुसऱ्यासाठी जागलेल्या माणसाला मुक्ती मिळाली, ती त्याने प्रयत्न सैल सोडला त्या निमिषात.

दुसऱ्या दिवशी महाकाश्यपाने प्रथम उपालीला प्रश्न विचारले. पहिला नियम कोठे घातला गेला? कोणाला उद्देशून? कोणत्या कारणाने? नापिताचा पुत्र उत्तरे देत गेला आणि पाचशे जणांनी ती मान्य केली. राजे आणि ब्राह्मणपुत्र यांच्या त्या सभेत आचारधर्माचा अधिकारी उपाली ठरला. मग आनंदाची पाळी आली. ब्रह्मजाल सूत्र कोठे सांगितले? राजगृह आणि नालंदा यांच्या दरम्यान, अंबलट्ठिका येथील राजविश्रामगृहात, असे त्याने सांगितले. श्रामण्यफल सूत्र? राजगृहात, जीवक वैद्याच्या आमराईत, अजातशत्रूला उद्देशून. असा एकेक उपदेश निघत गेला. सूत्रांचा आरंभ आपण असे ऐकले आहे, या कबुलीने होतो. आनंदाने आपण जाणले, असा दावा केला नाही; आपण ऐकले, एवढेच तो म्हणाला. त्यातच त्याची थोरवी आहे.

भरसभेतील पाच दोषारोप

येथे चरित्राचा सर्वांत कठीण भाग येतो. ज्याच्या मुखातून धर्म निघाला, त्यालाच त्या सभेने आरोपीसारखे उभे केले. महाकाश्यप आणि आनंद यांच्या प्रकृतीत मूळचाच फरक होता. एक अरण्यवासी, कडक. दुसरा लोकांत मिसळणारा, कोमल. पूर्वी एकदा महाकाश्यपाने त्याला पोर म्हणून हिणविले होते, तेव्हा आपले केस पिकल्याची आठवण आनंदाने त्याला नम्रपणे करून दिली होती.

सभेने पाच दोष काढले. बारीकसारीक नियम कोणते ते विचारले नाहीस. भगवंतांचे वस्त्र शिवताना त्यावर पाय दिलास. त्यांच्या पार्थिव देहाचे दर्शन स्त्रियांना प्रथम घेऊ दिलेस आणि त्यांच्या आसवांनी तो देह भिजला. भगवंतांनी सूचना देऊनही, आणखी दीर्घकाळ राहावे, अशी प्रार्थना केली नाहीस. आणि स्त्रियांना दीक्षा मिळावी म्हणून खटपट केलीस.

आनंदाने प्रत्येकाला शांतपणे उत्तर दिले. विचारण्याचे आपल्या ध्यानात आले नाही. वस्त्रावर पाय पडला तो अनादराने नव्हे. स्त्रियांना घरी परतावयास अवेळ होऊ नये म्हणून त्यांना आधी दर्शन दिले. प्रार्थना राहून गेली ती मन मोहाने ग्रासले होते म्हणून. आणि गौतमीसाठी रदबदली केली, कारण आई वारल्यावर तिनेच भगवंतांना दूध पाजले होते. प्रत्येक उत्तराच्या शेवटी त्याने एकच गोष्ट सांगितली, की यात आपल्याला दोष दिसत नाही. परंतु आपणां सर्वांवरील श्रद्धेमुळे आपण तो दोष म्हणून स्वीकारतो.

या उत्तराचा आम्हांला फार विचार करावासा वाटतो. सभेपुढे मान तुकविताना आनंदाने खोटे बोलणे पत्करले नाही; जे चूक वाटले नाही, ते चूक वाटले असे तो म्हणाला नाही. आणि सत्य सांगताना त्याने सभाही मोडली नाही. तो रागाने उठून गेला असता, तर दोन तट पडले असते आणि गुरूचे वचन त्या भांडणात हरवले असते. स्वतःचा मान त्याने खाली ठेवला आणि गुरूचा शब्द वर ठेवला. नियमांविषयी सभेने महाकाश्यपाचे म्हणणे मान्य केले. काहीही गाळावयाचे नाही, काहीही घालावयाचे नाही, असे ठरले.

या सभेच्या तपशिलाबद्दल आधुनिक विद्वानांनी शंका घेतल्या आहेत. एवढा मोठा संग्रह त्या एकाच पावसाळ्यात आजच्या रूपात सिद्ध झाला, असे ते मानीत नाहीत. परंपरा मात्र स्वतःच्या कथेतही मतभेद लपवीत नाही. सभा संपल्यावर दक्षिणगिरीकडून पुराण नावाचा स्थविर आला. संगीती मान्य कर, असे त्याला सांगितले गेले. तुम्ही उत्तम केले, पण मी भगवंतांच्या मुखातून जसे ऐकले तसेच धारण करीन, असे सांगून तो बाजूला राहिला. कोणी त्याला दंड केला नाही, आणि त्याचे म्हणणेही संघाने जपून ठेवले.

फाटक्या वस्त्राचा हिशेब

सभेनंतर आनंद संघाच्या कामासाठी नावेने कौशांबीला गेला. तेथे उदयन राजाच्या राण्यांनी त्याला पाचशे वस्त्रे दिली. राजाला राग आला. हा भिक्षू आहे की कापडाचा व्यापारी, असे त्याच्या मनात आले आणि एवढ्या वस्त्रांचे करणार काय, असे त्याने आनंदाला विचारले. ज्यांची वस्त्रे विरली आहेत त्यांना देऊ, असे आनंद म्हणाला. मग जुन्या वस्त्रांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गादीचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी, आणि अगदी चिंध्या झाल्या की त्या कुटून मातीत कालवून जमीन सारवावयाची. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आमच्या आयाबहिणींना हा हिशेब परका वाटणार नाही.

आनंद दीर्घायुषी झाला. फाहियान हा चिनी यात्रेकरू पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आला होता. त्याने ऐकलेली कथा अशी, की आनंद देह ठेवण्यासाठी मगधातून वैशालीकडे निघाला, तेव्हा एका तीरावर अजातशत्रू आणि दुसऱ्या तीरावर लिच्छवी त्याच्या अस्थींसाठी उभे राहिले. कोणाचेही मन दुखवू नये म्हणून नदीच्या मध्यावर त्याने योगाग्नीत देह ठेवला आणि अस्थी दोन्ही तीरांना वाटल्या गेल्या. मथुरेकडील भिक्षुणी आनंदाच्या स्तूपाची पूजा करतात, कारण स्त्रियांसाठी त्यानेच शब्द टाकला होता, असेही फाहियानने लिहून ठेवले आहे. सभेने जो दोष म्हटला, त्याचीच स्त्रियांनी जवळजवळ हजार वर्षे पूजा बांधली.

कुकडीच्या काठापर्यंत

आनंदाचे काम त्याच्याबरोबर संपले नाही. परिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वैशालीच्या भिक्षूंनी दहा सवलती घेतल्या. शिंगात मीठ साठविण्यापासून गृहस्थांकडून सोने-रुपे स्वीकारण्यापर्यंत त्यांची मजल गेली. यश नावाच्या भिक्षूने पैशाला हरकत घेतली आणि दूरदूर निरोप धाडले. त्याच्या बाजूने जे धावून आले त्यांत अवंती आणि दक्षिणापथ, म्हणजे नर्मदेकडील व तिच्या दक्षिणेचे भिक्षू होते. वैशालीला सातशे जणांची दुसरी संगीती भरली. निवाड्यासाठी सर्वांत वृद्ध स्थविराला विचारले गेले. त्याचे नाव सर्वकामी, आणि तो आनंदाचा शिष्य होता. त्याने दहाही सवलती अमान्य केल्या. पुढे मात्र संघात स्थविर आणि महासांघिक असे दोन पक्ष झाले व त्यांतून अनेक निकाय निघाले.

तिसरी संगीती सम्राट अशोकाच्या काळी, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्याला पाटलिपुत्र येथे मोग्गलिपुत्त तिस्स या स्थविराच्या अध्यक्षतेखाली झाली, असे सिंहलद्वीपाच्या इतिहासग्रंथांत नमूद आहे. तेथून देशोदेशी धर्मोपदेशक गेले; महाधर्मरक्षित हा स्थविर महाराष्ट्रात आला आणि धर्मरक्षित नावाचा यवन भिक्षू अपरान्तात, म्हणजे कोकणपट्टीत. अपरान्ताचे प्राचीन बंदर असलेल्या सोपारा येथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडलेही आहेत.

आता आपल्या परिसराकडे पाहा. निघोजच्या रांजणखळग्यांतून घुसळत जाणारी कुकडी नदी जुन्नरकडून येते. त्या जुन्नरच्या चहूबाजूंच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत आणि तेथील एका शिलालेखात धर्मोत्तरीय निकायाच्या भिक्षुणींच्या निवासाचा उल्लेख आहे. कार्ल्याच्या लेखांत महासांघिकांचे नाव आहे. नाशिकच्या लेण्यात भद्रयानीयांचे आहे, आणि ते लेणे गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेने दिलेले दान आहे. वैशालीच्या वादातून आणि त्यानंतर जे निकाय निघाले, त्यांची नावे सह्याद्रीच्या पाषाणावर अशी कोरली गेली. आनंदाने ज्या मार्गाचे दार स्त्रियांसाठी उघडविले, त्या मार्गाने चालणाऱ्या स्त्रिया आमच्या कुकडीच्या वरच्या अंगाला राहत होत्या. आमच्या टाकळी ढोकेश्वरच्या टेकडीतील शिवाचे लेणे त्यानंतर काही शतकांनी खोदले गेले. दैवत निराळे, पण डोंगराच्या पोटात देवघर करण्याची विद्या तीच.

तोंडी जपलेले हे सारे वचन इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लिहून काढले गेले. महाराष्ट्राच्या भूमीवरून मात्र ते हळूहळू पुसले गेले. मूळ गोव्याचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) ते शोधीत काशी, नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेशापर्यंत हिंडले, आणि बौद्ध संघाचा परिचय व भगवान बुद्ध यांसारख्या ग्रंथांतून त्यांनी ते मराठीत आणले. १९५६ साली नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून तर महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत हे वचन नित्याचे झाले आहे. शेजारच्या घरात जे म्हटले जाते, त्याची परंपरा जाणून घेणे हाही सद्धर्मच होय.

आजपासून अनेक घरांत चातुर्मासाची पोथी लागेल. वाचणारा एक असेल, ऐकणारे चार असतील. ऐकणाऱ्याचे काम दुय्यम आहे, असे कोणी मानू नये. आणि घरातील लहान मुलाने मध्येच विचारले, की हे कोठे सांगितले, कोणाला सांगितले, कशासाठी सांगितले, तर त्याला गप्प बसवू नये. राजगृहाच्या मंडपात महाकाश्यपाने हेच तीन प्रश्न विचारले होते, आणि आनंद त्यांची उत्तरे देऊ शकला, म्हणूनच गुरूचा शब्द उरला.